लख्ख रायफलीचं मूल्यांकन

जी वस्तू विकायची नाही तिची किंमत काढत बसणं, हा मनुष्यप्राण्याचा सर्वांत जुना आणि सर्वांत निरुपद्रवी उद्योग आहे. शेजाऱ्याची गाय, मेहुण्याचं कुरण, पाळकाच्या बायकोचा नवा कोट (हा कोट आमच्या गावात चार जणांनी स्वतंत्रपणे मोजला आणि चारही आकडे वेगळे आले) यांच्या किमती आम्हां हिंटरबाखच्या लोकांना तोंडपाठ असतात. गाव एमेंताल खोऱ्याच्या पार कोपऱ्यात आहे आणि पिवळी बस दिवसातून तीनदाच येते हे खरं. पण मधल्या वेळात आम्ही रिकामे बसत नाही, मूल्यांकन करतो.

या शास्त्रात एर्विन झाउगचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. तो निवृत्त चीज-परीक्षक. आमच्याकडे चीजच्या चाकाला वीसपैकी गुण देतात : भोकांना पाच, अंगाला पाच, चवीला पाच आणि बाहेरच्या रूपाला पाच. अठराच्या वर गेलं की चाक आमचं नाव घेऊन परदेशी जातं, खाली राहिलं की किसून पाकिटात. एर्विन छोट्या हातोडीने चाकावर टक् टक् करायचा, कान लावायचा आणि आतली भोकं बाहेरून ऐकायचा. निवृत्तीच्या दिवशी चीजचं घर त्याने सोडलं, हातोडी मात्र खिशातच राहिली. तेव्हापासून तो सगळ्यालाच गुण देऊ लागला. मयताच्या जेवणातल्या हॅमला सतरा. पाळकाच्या प्रवचनाला साडेचौदा (भोकं फार). लेकीच्या, केथीच्या, होणाऱ्या नवऱ्याला सोळा. लग्न तरीही झालं, कारण केथीने निकाल मागितलाच नव्हता.

आता रायफलीकडे येऊ. आमच्या देशात पुरुष लष्करातून सुटतो तेव्हा त्याची रायफल त्याच्याकडे राहू शकते. ती इस्त्रीची फळी आणि व्हॅक्यूम क्लीनर यांच्या मधे कपाटात उभी असते. वेळप्रसंगी तिच्यापर्यंत पोहोचायला आधी इस्त्रीची फळी बाहेर काढावी लागते. ही गोष्ट शत्रूला ठाऊक नाही, यावर देशाची सुरक्षितता बरीचशी अवलंबून आहे. नोकरीत असताना दरसाल तपासणी व्हायची. साहेब नळीत डोळा घालून बघायचा आणि आत कस्पट दिसलं तर असा काही सुस्कारा टाकायचा की बाप्याचं आठवडाभर जेवणावरून मन उडायचं. तपासणी संपून आता जमाना झाला. साहेबही देवाघरी गेले. पण त्यांचा सुस्कारा अजून गावातल्या प्रत्येक कपाटात आहे.

म्हणूनच आमच्या नेमबाज मंडळाने 'सर्वांत स्वच्छ रायफल' ही स्पर्धा सुरू केली. दर शरद ऋतूत, बटाटे निघाले की. बक्षीस : कथलाची सुरई, वर्षभर स्वतःच्या घरी ठेवायला. परीक्षक : एर्विन झाउग. गुण अर्थातच वीसपैकी, आणि मुद्देही तेच. (रायफलीला भोक एकच असल्याने त्या एकाला पाचही गुण मिळण्याची सोय झाली. चवीच्या पाच गुणांसाठी एर्विन नळीचा वास घ्यायचा.) परीक्षकाने स्वतः स्पर्धेत उतरावं का, असा प्रश्न एकदा सभेत निघाला होता. त्यासाठी समिती नेमली, अध्यक्ष एर्विन. समितीला आक्षेपार्ह काही आढळलं नाही. पुढे बहुतेक वर्षी एर्विन स्वतःला साडेएकोणीस द्यायचा. अर्धा गुण विनयासाठी राखून ठेवायचा, आणि गावाला त्या अर्ध्या गुणाचं फार कौतुक होतं.

सुरई मिळावी म्हणून गावाने काय नाही केलं! एर्विनने सांगितलं, दस्त्याचं लाकूड काचकागदाने घासा. गावाने घासलं. एर्विनने सांगितलं, थूनच्या तळ्यातल्या होड्यांना लावतात ते वॉर्निश तीन हात द्या. गावाने चार हात दिले. लोखंड इतक्या भक्तिभावाने पुसलं गेलं की एर्विनच्या स्वतःच्या रायफलीवर क्रमांकाचा शेवटचा आकडा चार आहे की सात, हे आता फक्त त्यालाच ठाऊक होतं आणि तोही अलीकडे दोन्ही सांगायचा.

शेवटचा नंबर मात्र दरसाल एकाचाच : रेस श्टाल्डर. एर्विनचा बालमित्र, एकाच तुकडीत कवायत केलेला आणि आळशीपणात अख्ख्या खोऱ्यात ज्याचा हात कुणी धरला नाही असा. त्याच्या रायफलीने आजवर बजावलेली सेवा अशी : वासराच्या खोलीचा अडसर. चेरीच्या वाकलेल्या फांदीचा टेकू. धुराडीत टांगलेला हॅम खाली काढायची काठी. आणि पाऊस झाला की रेससाठी चिखलातली आधाराची काठी. स्पर्धेला तो तीच घेऊन यायचा, कारण बायको, बेथली, हात धरून आणायची.

"त्या झाउगभाऊजींची बघा रायफल! तोंड दिसतं तिच्यात!" बेथली म्हणायची.

"मला नाही बघायचं माझं तोंड," रेस म्हणायचा. "त्याला आवडतं त्याचं, त्याने बघावं."

एर्विन त्याला वीसपैकी तीन द्यायचा. तिन्ही भोकाचे.

अशी वर्षं गेली. एर्विनची बायको गेली, गुडघे गेले, आणि शेवटी केथीने खालच्या गावातल्या वृद्धाश्रमात त्याच्यासाठी खोली ठरवली. खोली छान होती. खिडकीतून डोंगर दिसत होता (एर्विनने डोंगराला अठरा दिले). नियमही थोडेच होते : कुत्रं नको, मेणबत्ती नको, रायफल नको.

"केथी, तू ठेव," एर्विन म्हणाला.

"बाबा, माझ्या घरात तीन कार्टी आहेत. काल धाकट्याने मिक्सर उघडून बघितला. आणि मी रायफल ठेवू?"

"मग कुणाला देऊ?"

"कुणालाही द्या. देऊन टाका फुकट!"

फुकट! हा शब्द एर्विनच्या काळजात रुतला. एवढी वर्षं रोज संध्याकाळी कॉफीनंतर जी पुसली ती फुकट द्यायची, म्हणजे पुसणाराही फुकटच गेला. त्याला पैसे नको होते, रायफलीचा विरहही तो सोसणार होता. त्याला फक्त एवढंच हवं होतं की कुणीतरी जाणत्या माणसाने चारचौघांत, मोठ्याने, तिची खरी किंमत सांगावी. मग तो खुशाल जाऊन त्या अठरा गुणांच्या डोंगरासमोर बसणार होता.

म्हणून त्याने मंडळातर्फे बर्नच्या एका लिलावघराला पत्र लिहिलं आणि गावात मूल्यांकन-दिवस ठरवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण ते नंतर कळतं. आधी त्याला मूल्यांकन-दिवस म्हणतात.

लिलावघरातून आऊरबाई आल्या. तिशीतल्या, कमी बोलणाऱ्या, गळ्यात भिंग अडकवलेल्या. मंडळाच्या खोलीत टेबल मांडलं होतं, बाजूला साय घातलेले मेरांग (अंड्याच्या पांढऱ्याचे कुरकुरीत गोळे) आणि दारू घातलेली कॉफी. एक्केचाळीस रायफली रांगेत उभ्या होत्या आणि अशा चमकत होत्या की आऊरबाईंनी आधी खिडकीचा पडदा ओढला. पहिला मान एर्विनचा. त्याचा स्वतःचा अंदाज दोन हजार फ्रँकचा होता आणि तो त्याने विनयाने सगळ्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवला होता.

आऊरबाईंनी रायफल उचलली. फिरवली. भिंग लावलं. एर्विनने मदत म्हणून हातोडीने दस्त्यावर टक् टक् करून दाखवलं.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"ऐका ना, कसा भरीव आवाज आहे!"

"हे वॉर्निश कसलं आहे?"

"होडीचं," एर्विन छाती पुढे काढून म्हणाला. "सगळ्यात महागातलं."

"आणि क्रमांक?"

"चार किंवा सात. तुम्हाला कुठला बरा?"

बाईंनी रायफल खाली ठेवली. डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेतात तसं त्यांनी एर्विनला बाजूला घेतलं. "काका, वाईट वाटून घेऊ नका. एकशे चाळीस. तेही दस्त्याच्या लाकडाचं कुणी काही करणार असेल तर."

खोलीत मेरांग चावल्याचा आवाज बंद झाला.

"एकशे चाळीस... म्हणजे वीसपैकी?" एर्विनने विचारलं. त्या क्षणी त्याला खरंच दुसरं काही सुचलं नाही.

तेवढ्यात बाईंची नजर दाराशी गेली. तिथे रेस नुसता मेरांग खायला आला होता आणि बाहेर चिखल असल्यामुळे आधाराला आपली काठी घेऊन आला होता. बाई उठल्या, जवळ गेल्या, गुडघे टेकून बसल्या. त्यांनी वास घेतला. (हे पाहून एर्विनला क्षणभर बरं वाटलं, शास्त्र एकच होतं.)

"हा मळ मूळचा आहे?"

"बाई, आईशप्पथ, मी आजवर हातसुद्धा लावला नाही," रेस घाबरून म्हणाला.

"लावूही नका! सगळे क्रमांक जुळतायत, लाकूड मूळ आहे, सगळं मूळ स्थितीत आहे. नऊशे पन्नास. लिलावात वरही जाईल."

पुढे बाईंनी सगळ्यांना 'मूळ स्थिती' या संज्ञेचा अर्थ समजावून सांगितला. एर्विनने तो आपल्या शब्दांत असा लक्षात ठेवला : मूळ स्थिती म्हणजे जिच्यावर कुणी प्रेम केलेलं नाही अशी स्थिती.

त्या दिवशी हिंटरबाखमध्ये एकूण एक्केचाळीस रायफली स्वच्छतेमुळे निकाली निघाल्या. सरासरी घट दर रायफलीमागे आठशे फ्रँक. एका सुरईसाठी गावाने किती हजार फ्रँक घासून टाकले, याचा गुणाकार कॉफी थंड व्हायच्या आत तयार होता. (सुरईचंही मूल्यांकन करून घेतलं. बारा फ्रँक. तीही फार घासली गेली होती.) लोक एर्विनशी बोलेनासे झाले. आमच्या गावात ही शिक्षा लगेच लक्षात येत नाही, कारण आम्ही एरवीही फारसं बोलत नाही. पण 'यास' हा पत्त्यांचा डाव खेळायला चौथा भिडू म्हणून त्याला कुणी हाक मारेना, तेव्हा त्याला समजलं.

लगेच तातडीची सभा होऊन 'मूळ स्थिती पुनःस्थापना समिती' स्थापन झाली. अध्यक्ष एर्विन. (ज्याने नुकसान केलं त्यालाच नुकसान-समितीचा अध्यक्ष करायचं, ही आमची जुनी रीत. विषयाची सखोल माहिती त्यालाच असते.) समितीने पाच बैठका आणि बऱ्याच कॉफीनंतर मळासाठी वीस गुणांची पद्धत सुचवली : गंजाला पाच, पोच्यांना पाच, वासाला पाच, दुर्लक्षाला पाच. मान्यताप्राप्त उपाय पुढीलप्रमाणे जाहीर झाले. कॉफीचा चोथा चोळणे. ट्रॅक्टरमागे बांधून कुरणातून एक फेरी. शेण, मात्र ते स्वतःच्याच गायीचं हवं, म्हणजे वंशावळ सांगता येते. दुर्लक्षाचं सगळ्यांत अवघड गेलं. बरीच माणसं रोज तीन-तीनदा कपाट उघडून रायफलीकडे नीट दुर्लक्ष होतंय ना, हे बघत होती.

स्वतः अध्यक्षांनी आपली रायफल 'तुलनेसाठी नमुना' म्हणून या प्रयोगातून वगळली होती. खरी गोष्ट वेगळी होती. एका दुपारी मूठभर शेण घेऊन तो अंगणात तिच्यासमोर उभा राहिला. हात काही पुढे होईना. साठ वर्षांचा संसार केलेल्या बाईच्या तोंडाला काळं फासायचं? त्याला रडूच आलं. शेण त्याने जिरेनियमच्या कुंडीत टाकलं, हात धुतले आणि मग, आता फडकं काढलंच आहे म्हणून, रायफल पुसून ठेवली.

महिन्याभराने आऊरबाईंना पुन्हा बोलावलं. त्यांनी पहिल्या रायफलीचा वास घेतला.

"हे शेण याच आठवड्यातलं आहे."

"ताजं असतं तेच चांगलं ना, बाई?" कुणीतरी आशेने विचारलं.

"मळ आहे, पण इतिहास नाही," बाई म्हणाल्या आणि सगळ्यांना नव्वद-नव्वद फ्रँक सांगून पिवळ्या बसने निघून गेल्या. समिती विसर्जित झाली. अध्यक्षांचे आभार मानण्याचा ठराव मांडायला कुणी उभं राहिलं नाही, म्हणून तो अध्यक्षांनीच मांडला.

वृद्धाश्रमात जायला आठवडा उरला. एर्विन स्वयंपाकघरात, रायफल टेबलावर, आणि दोघांचं तोंड सारखंच उतरलेलं. तेवढ्यात रेस आला. काठीसकट.

"काय रे, कुणी मेलं का?"

"टोमणे मारायला आलास? मार. नऊशे पन्नासचा मालक तू."

"अरे गप रे! रडतो काय म्हाताऱ्या." रेसने खुर्ची ओढली. "ऐक. ही माझी घे, तुझी मला दे."

"शुद्धीवर आहेस ना? माझी एकशे चाळीसची."

"ते त्या बर्नच्या बाईच्या लेखी. माझ्या घरात चाळीस वर्षं एकच पाठ चाललाय. सकाळी उठलो की झाउगांची रायफल बघा, रात्री निजलो की झाउगांची रायफल बघा. एकदा ती चुलीवरच्या भिंतीवर टांगतो आणि म्हणतो, घे बाई, बघ! मरायच्या आधी एकदा माझं घर शांत बघू दे मला. त्याचे नऊशे पन्नास म्हणजे फुकटच की रे. आणि तू माझी घेऊन जा, त्या बाईला वीक, तुझं नाक वर राहील."

एर्विनने बाहीने डोळे टिपले. जाणत्या माणसाने चारचौघांत किंमत सांगावी, अशी त्याची इच्छा होती. सांगणारा रेस होता आणि ऐकायला चारचौघांऐवजी फक्त इस्त्रीची फळी होती. पण किंमत सांगितली गेली होती. "काही नाही रे, डोळ्यात वॉर्निशचा वास गेला," तो म्हणाला. रीतसर करारपत्र करून अदलाबदल झाली. आऊरबाई सोमवारी येऊन रेसची रायफल ताब्यात घेणार असं ठरलं.

मधे रविवार होता. आमच्याकडे रविवारी कपडे वाळत घालायला बंदी, गवत कापायला बंदी, रिकाम्या बाटल्या डब्यात खळखळ टाकायलाही बंदी. फडक्याचा आवाज होत नाही, म्हणून त्याबद्दल कायदा काही बोलत नाही. हा कायद्यातला दोष आहे.

जेवण झालं, वेणीच्या पावाचा शेवटचा तुकडा संपला, कॉफी झाली. रेसची रायफल टेबलावर होती. एर्विन तिच्याकडे बघत नव्हता. मग त्याने फक्त नळीत डोळा घातला. आत चेरीच्या पानाचा तुकडा होता. आता पानाला कुणी मूळ स्थिती म्हणणार नाही, असा त्याने विचार केला आणि पान काढलं. पानामागे कोळ्याचं जाळं होतं. जाळ्यामागे काय होतं ते बघायला तेल घालावं लागलं. तेल लाकडावर सांडलं. सांडलेलं तेल तसंच ठेवणं हा तर घाणेरडेपणा झाला. जित्याची खोड म्हणतात ती अशी पायरीपायरीने उतरते, आणि प्रत्येक पायरी अगदी तर्कशुद्ध असते. दिवेलागणीला केथी आली तेव्हा बाबा शीळ घालत होते आणि टेबलावर नवी नवरी झोपली होती.

"बाबा! ही रेसकाकांची ना?"

एर्विनने हातातल्या फडक्याकडे बघितलं. फडकं काळंकुट्ट होतं. आठशे दहा फ्रँक त्या फडक्यात होते.

सोमवारी आऊरबाईंनी भिंगसुद्धा काढलं नाही. "एकशे चाळीस," त्या म्हणाल्या, आणि थोडं थांबून, "काका, ते फडकं ठेवलंय का हो?" मूळ मळ आता तिथेच होता.

रेसला सांगायला एर्विन लंगडत लंगडत गेला. रेसने ऐकलं. आणि तो असा हसत सुटला की बेथली पाणी घेऊन धावत आली. "एक दिवस! अरे, एक दिवस नाही धीर धरलास!" दोघे म्हातारे एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून हसले आणि मग काही वेळ हसत नव्हते.

एर्विन आता वृद्धाश्रमात आहे. रेसची जुनी रायफल विकली न गेल्याने परत त्याच्याकडेच आली, म्हणून त्याच्या घरी आता दोन रायफली आहेत, दोन्ही लख्ख, आणि वासराच्या खोलीला अडसर म्हणून नाइलाजाने फावडं लावतात. शरदातल्या स्पर्धेला एर्विनला गाडीतून आणलं. त्याने रेस श्टाल्डरच्या जुन्या रायफलीला वीसपैकी वीस दिले. अर्धा गुणही राखून ठेवला नाही. बारा फ्रँकची सुरई बेथलीने दोन्ही हातांनी घेतली, आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी कुणी मोजलं नाही. आमच्या गावाच्या मानाने ही मोठीच गोष्ट झाली.

तुम्ही म्हणाल, काय ही माणसं, जिथे-तिथे किंमत! बरोबर आहे तुमचं. पण एकशे चाळीस हा आकडा पहिल्यांदा आला तेव्हाच तुम्ही मनातल्या मनात फ्रँकचे रुपये केलेत, नऊशे पन्नासला पुन्हा केलेत, आणि त्या फरकावरून एर्विनसाठी किती हळहळायचं ते ठरवलंत. आमची हरकत नाही. फक्त तो हिशोब एकदा तपासून घ्या. फ्रँकचा दर रोज बदलतो, आणि आज कदाचित तुमची हळहळ थोडी जास्त झाली असेल.